सर्कलमधून बाहेर पडताना

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. आधीच सांगते, आजारपण, भांडण, चोरी यांपैकी काहीही झालेलं नाही, तेव्हा पत्र दारातच उभ्याने न वाचता बसून वाच. फोन करायचा नाही हे आई गेल्यापासून आपलं ठरलेलंच आहे. फोनवर मी रडते, तू व्याख्यान देतोस आणि शेवटी दोघंही नुसते "ठेवू का?" "ठेव" करत बसतो. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तुझा आवाज चढत नाही.

दवाखाना ठीक चाललाय. दात दुखेपर्यंत माणसं फिरकत नाहीत, आणि दुखायला लागला की बूट काढायचंही भान न ठेवता थेट खुर्चीत येऊन आडवी होतात. फक्त हल्ली औषधांच्या बाटल्यांवरची अक्षरं फार बारीक छापायला लागलेत. तुझं अक्षरसुद्धा गेल्या पत्रापासून मुंगीएवढं झालंय. जरा मोठं लिहीत जा, कागद काही महाग झालेला नाही.

बाबांची गंमत सांगते. ड्रायव्हिंग स्कूलची पाटी त्यांनी गेल्या वर्षी उतरवली, आता कुणाला शिकवणार नाही म्हणून जाहीर केलं, आणि आता तीच दोन ब्रेकची पांढरी गाडी रोज घासूनपुसून बाहेर निघते. काही महिन्यांपासून एक विद्यार्थिनी येते आहे. मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या मेट्रनबाई. साठी उलटल्यावर त्यांना गाडी शिकायची हुक्की आली. रोज संध्याकाळी दोघं जातात ते दिवे लागल्यावर येतात. तुला तर बाबांनी आठवड्याभरात शिकवून रस्त्यावर सोडलं होतं, आणि तू दुसऱ्याच दिवशी दूधवाल्याच्या सायकलला जाऊन भिडलास.

आणि काल तर कहर झाला. दुपारी फ्रिज उघडते तर अंड्यांच्या खणात बाबांचा चष्मा! नीट काड्या मिटून ठेवलेला. सकाळीच मी लोण्याच्या डब्यावरची तारीख बघून डबा परत ठेवला होता, तेव्हा तिथे काहीही नव्हतं. हसून हसून माझी मुरकुंडी वळली. बाबांना विचारलं तर म्हणाले, "मी नाही ठेवला." म्हटलं, मग काय चष्म्याला उकडत होतं म्हणून तो स्वतःच जाऊन बसला? म्हातारपण आलं वाटतं आपल्या बाबांना.

आत्याला यातलं काही सांगू नकोस. तुझं पुस्तक कुठवर आलं?

तुझी,
टिकली

१२ फेब्रुवारी

प्रिय टिकली,

पत्र बसूनच वाचलं, पण चष्म्याच्या परिच्छेदाला उठून उभा राहिलो. तू हसलीस याचं मला आश्चर्य वाटतं. माणूस आधी चष्मा विसरतो, मग दार, मग पत्ता. इकडे वर्गात मी पोरांना रोज सांगतो की लहान खुणेकडे दुर्लक्ष करू नका.

आत्याला मी आपणहून सांगितलं नाही. तिने बाबांची तब्येत विचारली. मी तर्कशास्त्राचा माणूस, खोटं कसं बोलणार? फक्त एवढंच म्हटलं की थोडं विसरणं सुरू झालंय असं दिसतं.

पुस्तकाचं विचारलंस. सध्या सातव्या प्रकरणात आहे, चक्रक दोष. तुला दातांच्या भाषेत सांगता येत नाही, म्हणून साध्या भाषेत सांगतो. जे सिद्ध करायचं आहे तेच आधी गुपचूप गृहीत धरायचं आणि फिरून त्याच जागी येऊन "बघा, सिद्ध झालं" म्हणायचं. आमच्या ग्रंथपालांचं घे. एक कपाट त्यांनी कुलूप लावून ठेवलंय, का तर त्यातली पुस्तकं कुणी वाचत नाही. कुणी वाचत नाही हे कशावरून? आजवर कुणी नेलेली नाहीत. का नेलेली नाहीत? कपाटाला कुलूप आहे! आता आमचे प्राचार्य. ते म्हणतात, मी कधी चुकत नाही. कशावरून? म्हणे, चुकलो असतो तर माझ्या लक्षात आलं नसतं का? यात ग्रंथपालांसारखा फेरासुद्धा नाही, माणूस जागच्या जागी उभा राहून स्वतःलाच साक्षीला बोलावतो. ऐकणाऱ्याला मात्र वाटतं, किती चाललो आपण!

गंमत अशी की हा दोष दुसऱ्याचा लगेच दिसतो. सुशिक्षित माणसंही त्यात सापडतात. सापडत नाही तो फक्त ज्याला हा दोष ठाऊक असतो.

आता बाबांकडे वळतो. एक साधी चाचणी कर. त्यांना सरळ विचार, "बाबा, तुम्ही हल्ली विसरता का?" ते नाही म्हणाले तर मात्र काळजी करायला हवी. विसरणाऱ्याला आपण विसरतो हेच आठवत नसतं.

तुझा,
दादा

ता. क. अक्षर मोठं काढलं आहे.

२० फेब्रुवारी

दादा,

मोठं कुठे काढलंयस? मी पत्र खिडकीत नेऊन वाचलं.

बाबांना विचारलं. ते गाडीचे आरसे पुसत होते. म्हणाले, "नाही बुवा. का गं?" म्हणजे तुझ्या हिशेबाने वाईट. पण मग रात्रीची भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं, समजा ते हो म्हणाले असते तर? तू लिहिलं असतंस, बघ, स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. मग ज्या माणसाला सगळं व्यवस्थित आठवतं त्याने नेमकं काय म्हणायचं? तुझ्या पुस्तकात याचं उत्तर असेल तर कळव.

हे मी थट्टेत लिहिणार होते. पण कालपासून थट्टा सुचत नाही.

काल सर्कलवरचे चष्मेवाले आले होते, हलणारी दाढ घेऊन. त्यांचं दुकान बरोबर कारंज्यासमोर, दिवसभर सगळी वाहनं त्यांच्या काचेपुढून जातात. मी तोंडात कापूस कोंबला तरी गृहस्थ बोलायचे थांबेनात. कापूस काढला तेव्हा कळलं काय म्हणत होते ते. "सरांबद्दल ऐकलं. वाईट वाटलं. आता आठवतं, मी स्वतः पाहिलंय. सरांची गाडी कारंज्याभोवती फिरत राहते. एक फेरी, दुसरी, तिसरी, फिरतेच आहे. बाहेर पडायचा रस्ताच सापडत नाही बिचाऱ्यांना."

दादा, ज्या माणसाने अर्ध्या गावाला त्या सर्कलमधून बाहेर पडायला शिकवलं, त्याला तिथला रस्ता सापडत नाही? मी दाढ काढली आणि दवाखाना लवकर बंद केला. आत्यासुद्धा परवा फोनवर रडली. आता मला खरंच भीती वाटायला लागली आहे.

टिकली

१ मार्च

प्रिय टिकली,

तुझा प्रश्न चांगला आहे, पण ही वेळ प्रश्नांची नाही.

भावना बाजूला ठेवून पुराव्याकडे बघ. एकाच माणसाने सांगितलं असतं तर मी म्हटलं असतं, थांबू. पण आता तीन वेगवेगळ्या ठिकाणचे तीन वेगवेगळे साक्षीदार आहेत. तू घरात पाहिलंस. चष्मेवाल्यांनी रस्त्यावर पाहिलं, आणि त्यांचा ना आपल्याशी संबंध, ना त्यांना यात काही मिळायचं. आत्याने मला चार पानी पत्र लिहिलंय की सगळं गाव हेच बोलतंय. तिघांचं म्हणणं तंतोतंत जुळतं. स्वतंत्र साक्षी जुळल्या की निष्कर्ष पक्का, हे आठव्या प्रकरणात येणार आहे.

तेव्हा दोन गोष्टी कर. एक, गाडीची किल्ली बाजूला ठेवून दे. मागितली तरी देऊ नकोस, वाद नको, सापडत नाही म्हण. दुसरं म्हणजे त्यांच्या मनाची तयारी कर. एप्रिलच्या सुरुवातीला मी येईन आणि त्यांना कायमचं इकडे घेऊन येईन. गाडी विकून टाकू. मागची खोली मी केव्हाच रंगवून ठेवली आहे. पलंग आहे, टेबल आहे, टेबलाशी एक खुर्ची. खिडकीतून खाली मोठं सर्कल दिसतं, सतत रहदारी असते. त्यांचा वेळ छान जाईल.

तू एकटी पडशील याची मला कल्पना आहे. पण तुला दवाखाना आहे.

दादा

९ मार्च

दादा,

किल्ली लपवली. कपाटात प्लॅस्टरचे जबडे ठेवलेत ना, तिथे एका वकिलाच्या खालच्या जबड्याखाली ठेवली आहे. तिथे कुणीही हात घालणार नाही.

संध्याकाळी बाबा तयार होऊन आले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस. खुंटीवर हात गेला, तिथे किल्ली नाही. ड्रॉवर पाहिला, कोटाचे खिसे पाहिले, परत खुंटीशी आले. "टिकले, किल्ली पाहिलीस का?" मी म्हटलं, "तुम्हीच कुठेतरी ठेवून विसरला असाल."

तू सापडत नाही एवढंच म्हणायला सांगितलं होतंस. हे पुढचं माझं. तोंडातून निघून गेलं.

बाबा खुर्चीवर बसले, पाकीट उघडून पाहिलं आणि मिटलं. मग म्हणाले, "असेल." एवढंच. मेट्रनबाई फाटकाशी येऊन उभ्या होत्या. त्यांना बाबांनी खिडकीतूनच हात हलवून आज नाही म्हणून सांगितलं. त्या तशाच परत गेल्या.

तेव्हापासून घरभर चिठ्ठ्या लागल्या आहेत. गॅस बंद केला का? दार लावलं का? आज गुरुवार. ही शेवटची शुक्रवारीही तशीच होती. मी ती काढली तर बाबा म्हणाले, "राहू दे, मला वाटलं गुरुवारच आहे." परवा भाजी निवडताना मध्येच विचारलं, "दादाकडच्या त्या खोलीतून काय दिसतं म्हणालीस?" मी सांगितलं, सर्कल. तर म्हणाले, "बघायला बरं आहे."

तू म्हणतोस तसं सगळं घडतंय. मला आनंद व्हायला हवा होता ना की आपण वेळेत ओळखलं?

टिकली

१४ मार्च

प्रिय टिकली,

आनंद नव्हे, पण समाधान मानायला हरकत नाही. किल्ली कुठे आहे हे त्यांना आठवलं नाही, हा चौथा पुरावा. चिठ्ठ्या हा पाचवा. आणि त्यांनी स्वतः "असेल" म्हणून मान्य केलं, हा तर कळसच झाला. आता कुणालाही शंका घ्यायला जागा नाही.

सातवं प्रकरण पूर्ण करून प्रकाशकांकडे पाठवलं. त्यांना फार आवडलं. म्हणाले, उदाहरणं अगदी रोजच्या जगण्यातली आहेत.

बाबांचे कपडे किती आहेत ते कळव, कपाटाच्या फळ्या करून घेतो.

दादा

१८ मार्च

माझ्या अतिशहाण्या दादा,

चौथा पुरावा वकिलाच्या जबड्याखाली आहे. मी ठेवलाय, तू ठेवायला सांगितलंस. तो बाबांना आठवणार कसा? हे वाक्य लिहिताना तुझा हात थांबला कसा नाही रे? आणि वाचताना माझे डोळे आधी का उघडले नाहीत, हेही विचार. विचार म्हणजे सांगते.

काल मेट्रनबाई दवाखान्यात आल्या. दात ठणठणीत, तरी खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, इस्पितळात ताप पसरला की आम्ही आधी पहिला रुग्ण शोधायचो. सरांना विसरण्याचा आजार आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मी म्हटलं, चष्मेवाले म्हणाले. "त्यांच्याकडे मी आत्ताच जाऊन आले," बाई म्हणाल्या. "त्यांना तुमच्या आत्याबाईंनी फोनवर सांगितलं, चष्म्याची फ्रेम विचारायला फोन केला होता तेव्हा. त्याआधी महिनोन् महिने गाडी फिरताना ते बघतच होते आणि त्यांना काहीही वाटलं नव्हतं. आत्याबाईंना कुणी सांगितलं?" तू. "आणि त्यांना?" मी. "आणि तुम्हाला?"

फ्रिजने, दादा. मला फ्रिजने सांगितलं.

तुझे तीन स्वतंत्र साक्षीदार म्हणजे मी एक पत्र लिहिलं, ते तुझ्याकडून आत्याकडे, आत्याकडून चष्मेवाल्यांकडे गेलं आणि कापूस तोंडात घेऊन माझ्याच दवाखान्यात परत आलं. मी ते ओळखलं नाही. उलट दवाखाना बंद करण्याइतकी घाबरले.

आता सर्कलचं ऐक. बाई म्हणाल्या, "गाडी फिरत राहते कारण चालवते मी! सर शेजारी बसलेले असतात. मला बाहेर पडायची भीती वाटते. येणारी सगळी वाहनं जाऊ द्यावीत, मग निघावं, असं मला वाटतं, आणि सगळी वाहनं कधी जातच नाहीत. सर म्हणतात, घाई नाही, आणखी एक फेरी मारू." दादा, आपण दोघांपैकी एकानेही विचारलं नाही की गाडी कोण चालवत होतं! मी चष्मेवाल्यांना गाठून विचारलं. म्हणतात, तेवढं लांबचं नीट दिसत नाही.

मी बाईंना म्हटलं, तुमचं लायसन्स अजून व्हायचं असेल ना? तर त्यांनी पर्समधून लायसन्स काढून हातात दिलं. मी ते लांब धरलं, मग आणखी लांब धरलं, मग दिव्याखाली नेलं. बाई बघत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला तारीख वाचता येत नाहीये." आणि त्याच क्षणी मला लोण्याचा डबा आठवला. त्या सकाळीही तारीख दिसेना म्हणून मी टेबलावरचा बाबांचा चष्मा डोळ्यांवर चढवला होता. तारीख वाचली, चष्मा काढला, काड्या मिटल्या आणि डब्याबरोबर चष्माही आत ठेवून दिला. दुपारी तोच बघून मी हसले आणि बाबांवर म्हातारपण लादून मोकळी झाले. म्हातारपण आलं होतं, पण ते माझ्या डोळ्यांना. दाताच्या डॉक्टरला जवळचं दिसत नाही हे कुणाला कळू नये म्हणून मी औषध कंपन्यांना शिव्या देत होते.

लायसन्सवरची तारीख बाईंनीच वाचून दाखवली. गेल्या दसऱ्याच्या सुमारासच त्या पास झाल्या आहेत. म्हणजे बाबा त्यांना काही शिकवत नाहीत आणि त्या काही शिकत नाहीत. विचारलं, मग रोज कशाला जाता? बाई जराशा लाजल्या. "लायसन्स मिळालं म्हणजे शिकवणी संपली असं सर म्हणाले नाहीत. मग मीही म्हटलं नाही."

रात्री मी बाबांना किल्ली नेऊन दिली आणि सगळं सांगितलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि विचारलं, "म्हणजे मी नव्हतो?"

आता तू काय करायचं ते तुझं तू ठरव. फळ्या करून घेऊ नकोस.

टिकली

२३ मार्च

प्रिय टिकली,

तुझं पत्र भावनेच्या भरात लिहिलेलं आहे आणि त्यात गफलती आहेत. शांतपणे मांडतो.

मेट्रनबाई या तटस्थ साक्षीदार नाहीत. बाबा ठीक आहेत असं त्या म्हणतात, कारण त्यांना बाबा आवडतात. तेव्हा त्यांची साक्ष वगळली, तरी उरलेला पुरावा भक्कम राहतो. तो कसा हे तुला समजावं म्हणून खाली आकृती काढतो. तू म्हणजे 'क'. तुझ्यापासून माझ्याकडे बाण, मी 'ख'. माझ्यापासून आत्याकडे बाण, आत्या 'ग'. तिच्यापासून चष्मेवाल्यांकडे बाण, ते 'घ'. त्यांच्यापासून बाण येतो तो

थांब.

वर मी बाण अर्धवट सोडला आहे. तो कुठे जातो हे मला दिसलं आणि पेन खाली ठेवलं. नंतर बाहेर जाऊन थोडं चालून आलो. हीच आकृती सातव्या प्रकरणात आहे टिकली, हेच बाण. फक्त तिथे ग्रंथपाल आहेत आणि इथे मी. माझ्या विद्यार्थ्याने असा पेपर लिहिला असता तर मी त्याला शून्य दिलं असतं आणि वर्गात वाचूनही दाखवला असता.

पण नुसती चूक झाली असं म्हणून सुटका करून घेणं खरं नाही. मी बाहेर चालत असताना हाच विचार करत होतो की मला हे आधी का दिसलं नाही. मागची खोली मी फेब्रुवारीत रंगवली नाही. ती आई गेली त्याच वर्षी रंगवली. बाबांनी इथे यावं हे तेव्हापासून माझ्या मनात आहे. "बाबा, मला तुमच्याशिवाय करमत नाही" हे वाक्य मला चाळिशी उलटल्यावर कसं म्हणायचं ते कळलं नाही. मग तुझं पत्र आलं आणि मला कारण मिळालं. उत्तर आधीच ठरलेलं होतं. पुरावे मी मागून गोळा केले, आणि कमी पडले तेव्हा तुला लपवायला लावले.

प्रकाशकांकडून प्रकरण परत मागवलं आहे. दोष ठाऊक असलेला माणूस त्यात सापडत नाही, हे वाक्य काढून टाकायचं आहे.

ही सगळी पत्रं, तुझी आणि माझी, बाबांना वाचायला दे. तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. आणि तू एकटी पडशील हे मी किती सहज लिहून टाकलं होतं! त्याबद्दल तू एक शब्दही बोलली नाहीस, म्हणून ते मला जास्त लागलंय.

दादा

२ एप्रिल

चि. दादा,

आशीर्वाद. टिकलीसाठी वेगळी प्रत काढलेली नाही, ती शेजारी बसून वाचते आहे. तिला नवा चष्मा लागला आहे. चष्मेवाल्यांनी दाढेच्या बदल्यात दिला.

पत्रं वाचली. क्रमाने वाचली. तुम्ही दोघं मला न विचारता माझ्याबद्दल इतकं लिहिता हे मला माहीत नव्हतं. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, थोडं बरंही वाटलं.

किल्लीबद्दल एक गोष्ट तुम्हाला दोघांनाही माहीत नाही. माझ्या गाडीला ब्रेक दोन तशा किल्ल्याही दोन आहेत. दुसरी माझ्या पाकिटात असते, कायम. त्या संध्याकाळी खुंटीवर किल्ली नव्हती तेव्हा मी पाकीट उघडलं, आत किल्ली होती. पण टिकली म्हणाली तुम्ही विसरला असाल. दादाचंही तेच म्हणणं, आत्याचंही तेच. मला वाटलं, मग ही किल्लीसुद्धा भलत्याच कुलपाची असेल आणि मलाच ती गाडीची वाटत असेल. म्हणून लावून पाहिली नाही. गाडी फाटकाजवळच उभी होती. माझी मुलं हुशार आहेत, ती म्हणतात म्हणजे असेल, एवढ्यावर मी बसून राहिलो. तेव्हा दादाच्या त्या सातव्या प्रकरणात माझंही नाव घालायला हरकत नाही.

राग नाही. शिकाऊ माणसाच्या गाडीत इतकी वर्षं बसलो, चुकणाऱ्यावर रागावलं की तो पुढची चूक करतो. मात्र एक सूचना दोघांनाही देतो. गाडी कुठे चालली आहे असा प्रश्न पडला, तर शेजारच्या गाडीतल्या माणसाला विचारू नये. चालवणाऱ्याला विचारावं.

आता तुला करमत नाही याविषयी. हे तू आधीच लिहिलं असतंस तर मी तेव्हाच आलो असतो. ते एकच कारण पुरेसं होतं, बाकीच्या पुराव्यांची गरज नव्हती. कायमचा येणार नाही. टिकलीला दवाखाना आहे असं तू लिहिलंस, पण दवाखाना संध्याकाळी बंद होतो. पण दर दोन-तीन महिन्यांनी येईन, राहीन, तुला नको होईस्तोवर राहीन. गाडीनेच येईन. गाडी विकायची नाही.

टिकली सारखी कोपराने ढोसते आहे की मुख्य ते लिहा. लिहितो.

मेट्रनबाईंना लायसन्स मिळून बरेच दिवस झाले हे मला माहीत होतं. परीक्षेला मीच तर घेऊन गेलो होतो. पण मी काही बोलायचो नाही, कारण त्या बोलतील असं वाटायचं. त्या बोलायच्या नाहीत, कारण मी बोलेन असं त्यांना वाटायचं. टिकलीने त्यांना लग्नाबद्दल विचारलं, तर म्हणाल्या, सरांनी विचारलं तर मी हो म्हणेन. मला विचारलं, तर मी म्हटलं, बाई हो म्हणणार असतील तर विचारीन. टिकली कपाळाला हात लावून म्हणाली, "आता हे दादाला कळवते, त्याला नववं प्रकरण झालं."

काल पाकिटातली किल्ली लावली. लागली. कारंज्याशी गेलो. बाई नेहमीप्रमाणे फिरू लागल्या. चष्मेवाले दुकानाच्या पायरीवर येऊन उभे. मी बाईंना म्हटलं, "इथे एक लक्षात ठेवा. सगळे जाईपर्यंत थांबू असं सर्कलमध्ये चालत नाही. ते तुमच्यासाठी थांबतात, तुम्ही त्यांच्यासाठी थांबता, आणि सगळे तिथेच फिरत राहतात. एकाने इंडिकेटर द्यायचा असतो." मग मी त्यांना विचारलं. जे विचारायचं होतं ते विचारलं.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. आधी आरसा पाहिला. मग मागे वळून पाहिलं, मी शिकवलंय तसं. मग इंडिकेटर दिला आणि पहिल्याच रस्त्याने बाहेर पडल्या.

पुढच्या रविवारी निघतो आहोत. चालवणार बाई. तुझ्या खिडकीखालच्या सर्कलमध्ये आम्ही एक-दोन फेऱ्या जास्त मारल्या तर आत्याला फोन करू नकोस, नवीन रस्ता आहे, वेळ लागेल. मागच्या खोलीत टेबलाशी एक खुर्ची आहे असं तू लिहिलं होतंस. दोन ठेव.

बाबा